गॉब्लिनचा मुद्देमाल

"खून झाला की खुनी कोण, एवढा एकच प्रश्न असतो," मामा म्हणाले. "तुमच्या या गोष्टींत खुनी मरतो, दुसरा कोणी त्याचा झगा चढवतो, नावही तेच लावतो, आणि तुम्ही म्हणता गॉब्लिन परत आला. कोण परत आला? जो मेला तो तर मेला."

मामांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आयुष्यभर फौजदारी वकिली केली. आमच्याकडे न्यू जर्सीला आले ते ऐन थंडीत. बाहेर पडणं मुश्कील, त्यामुळे त्यांनी माझी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'ची खोकी उघडली आणि खटल्याचे कागद वाचावेत तशी, तारखा टिपत, ती कॉमिक्स वाचायला घेतली. या मालिकेतला ग्रीन गॉब्लिन हा खलनायक म्हणजे एक माणूस नाही. नॉर्मन ऑस्बॉर्न, त्याचा मुलगा हॅरी, हॅरीचा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन, नंतर फिल युरिक नावाचा एक तरुण, अशी त्या नावाची मालिकाच आहे. शिवाय त्याच सामानातून उभा राहिलेला हॉबगॉब्लिन, आणि त्या नावाखाली वावरलेले आणखी तिघंचौघं. मला ही साखळी अमेरिकी कॉमिक्समधली सगळ्यात खोल गोष्ट वाटते. मामांना ती नीतीच्या दृष्टीनं घोटाळा वाटते. आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. तरी ते भांडण मला मोलाचं वाटतं, कारण मामांनी एक प्रश्न असा विचारला, जो इतकी वर्षं ही कॉमिक्स वाचूनही मला कधी पडला नव्हता.

"लखोबा लोखंडे घे," त्यांनी सुरुवात केली. "निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. 1962 सालचं नाटक. पणशीकर एकटे पाच सोंगं घ्यायचे, फिरत्या रंगमंचावर. अत्र्यांनी ते सगळं कोर्टात का बसवलं? पाच नावांमागचा माणूस एकच आहे, हे शाबीत करायचं होतं म्हणून. तो 'तो मी नव्हेच' म्हणतो आणि आपण खुर्चीत बसून म्हणतो, तूच तो. तुमच्याकडे सगळं उलटं. नाव एक, माणसं पाच. पिंजऱ्यात उभं कोणाला करायचं?"

"प्रत्येकाला, ज्यानं जे केलं त्याबद्दल," मी म्हटलं. "पण मामा, लखोबा स्वतःपुरता आहे. तो पकडला गेला की संपला. ऑस्बॉर्न मेल्यावर संपत नाही. तो काय मागे ठेवून गेला आणि ते कोणाच्या हाती लागलं, यावर ही गोष्ट उभी आहे. गुन्हा माणसाबरोबर मरत नाही, हे मला खरं वाटतं."

"मरत नाही म्हणजे? गुन्हा काही रोगाची साथ आहे? प्रत्येक वेळी कोणीतरी एक माणूस ठरवतो की मी हे करणार. ते ठरवणं त्याचं. झग्याचं नाही."

इथे थोडी हकिकत सांगायला हवी.

ग्रीन गॉब्लिन पहिल्यांदा आला तो जुलै 1964 च्या 14व्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. मुखवट्याआड कोण, हे दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. ऑगस्ट 1966 च्या 39व्या अंकात ते उघड झालं: नॉर्मन ऑस्बॉर्न, न्यू यॉर्कमधला कारखानदार, स्पायडर-मॅन म्हणजे पीटर पार्कर याच्या कॉलेजातल्या मित्राचा बाप. भागीदाराला फसवून त्यानं एक रसायन लाटलं, त्याचा स्फोट झाला, त्यातून अफाट ताकद आली आणि वेडही. डिट्को तोवर मालिका सोडून गेला होता आणि हा अंक जॉन रोमिटानं काढला. त्यामुळे पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की डिट्कोला हा माणूस कोणी अनोळखी हवा होता आणि ते पटलं नाही म्हणून तो गेला. डिट्कोनं नंतर आपल्या लेखांत हे खोडून काढलं. ऑस्बॉर्न हाच गॉब्लिन, हे त्याच्या डोक्यात आधीपासून होतं.

मामांना ही माहिती आवडली. "म्हणजे निदान सुरुवातीला तरी आरोपी निश्चित होता," ते म्हणाले.

मग 1973. जूनच्या 121व्या अंकात ऑस्बॉर्न पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावर नेतो आणि खाली ढकलतो. जेरी कॉनवेची कथा, गिल केनची चित्रं. मजकुरात नाव जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचं, म्हणजे आमच्या फोर्ट लीवरून मॅनहॅटनला जाणारा. चित्रातला पूल मात्र ब्रुकलिनचा दिसतो. ते पान मी मामांसमोर धरलं. ग्वेन उलटी पडते आहे, वरून आलेला जाळ्याचा धागा तिच्या पायांना चिकटला आहे आणि मानेजवळ, अगदी बारीक अक्षरांत, 'स्नॅप' असं लिहिलं आहे. कॉमिक्समधले धाडधूड आवाज पानभर पसरलेले असतात. हा आवाज नजरेतून निसटावा एवढाच आहे. पडण्यानं ती मेली की पीटरनं वाचवायला टाकलेल्या धाग्याच्या हिसक्यानं, हा प्रश्न वाचकांनी इतका लावून धरला की चार अंकांनंतर संपादकांना पत्रव्यवहाराच्या पानावर उत्तर द्यावं लागलं: हिसक्यानं.

मामा त्या पानावर बराच वेळ थांबले. "ढकलणारा खुनी," ते म्हणाले. "धागा टाकणाऱ्याच्या मनात वाचवणंच होतं. यात शंकेला जागा नाही."

पुढच्या अंकात ऑस्बॉर्न मरतो. पाठीमागून मारायला बोलावलेलं त्याचंच उडतं ग्लायडर पीटर बाजूला होताच त्याच्या छातीत घुसतं. हे कोणीतरी लपून पाहत असतं. तो हॅरी. तो बापाच्या अंगावरचा गॉब्लिनचा पोशाख उतरवून नेतो. जगाला मिळतो एका कारखानदाराचा मृतदेह, आणि 1974 मध्ये, 136व्या अंकात, तो पोशाख घालून हॅरी पीटरसमोर उभा राहतो.

"मला म्हणायचं होतं ते हेच," मी म्हटलं. "हॅरीनं काही ठरवलं असं तुम्हाला वाटतं? 1971 च्या अंकांत तो गोळ्यांच्या नादी लागलेला मुलगा आहे. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं स्टॅन लीला विनंती केली होती की अमली पदार्थांच्या धोक्यावर काही लिहा. कॉमिक्सवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानं त्या तीन अंकांना शिक्का द्यायला नकार दिला. प्रकाशक मार्व्हलनं ते बिनशिक्क्याचे छापले आणि त्याच वर्षी मंडळाला नियम सैल करावे लागले. तेव्हापासून हॅरी बापाच्या धाकाखाली मोडत चाललेला आपण पाहतो. बाप मेल्यावर त्याच्या हातात काय उरतं? पोशाख आणि एक वैर. त्याला दुसरं काही मिळालंच नाही."

"असे कितीतरी मुलगे माझ्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले," मामा म्हणाले. "बाप गुंड, मुलगा गुंड. पण त्याच घरातला दुसरा मुलगा रिक्षा चालवून आईला सांभाळत असतो. त्याचं काय करतेस? मुलाला बापाचं पुढचं पान मानलं की तू त्याच्यावरच अन्याय करतेस. हॅरीला हॅरी म्हणून शिक्षा व्हावी, हा त्याचा हक्क आहे."

हे वाक्य मला लागलं. शिक्षा हा हक्क असू शकतो, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं तसंच होतं. हॅरीनं पोशाख घातला हा त्याचा गुन्हा खराच, पण तो पोशाख त्याच्या खोलीत होता, इतर कोणाच्या खोलीत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

तिसरा गॉब्लिन, हॅमिल्टन, फार काळ टिकला नाही. उपचाराच्या निमित्तानं हॅरीला संमोहित करून त्यानं सगळी गुपितं काढून घेतली आणि 1978 च्या सुमारास तो स्वतःच गॉब्लिन झाला. रसायन त्याच्या अंगात नव्हतं, घराणं नव्हतं, काहीच नव्हतं. त्याला थोपवायला हॅरीच पोशाख चढवून आला आणि हॅमिल्टन स्वतःच्याच बाँबनं मेला. मामांनी त्याच्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं, तेही रागानं: रोग्याचं गुपित विकणारा डॉक्टर त्यांच्या लेखी बाकी सगळ्यांपेक्षा खाली.

त्या संध्याकाळी ते पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. ही नावं फिरती ठेवण्यामागे कंपनीचा धंदा आहे, याहून जास्त काही नाही, असं त्यांचं मत पडलं. यात तथ्य आहे. अमेरिकेतली मोठी कॉमिक्स लेखकाच्या मालकीची नसतात. नाव, पोशाख, चेहरा सगळं प्रकाशकाचं. लेखक येतात, जातात. खपलेलं नाव कोणी कपाटात ठेवत नाही, आणि लेखकालाही स्वतःचं नवं पात्र कंपनीला फुकट देण्यापेक्षा जुन्या नावात नवा माणूस बसवणं परवडतं.

"पण त्यातूनही खरं काही निघतं," मी म्हटलं आणि बॅटमॅनकडचा क्लेफेस काढला. 1940 मध्ये आलेला पहिला क्लेफेस म्हणजे बॅसिल कार्लो, भयपटांतला उतारवयातला नट. त्याचा गाजलेला सिनेमा पुन्हा काढायचं ठरतं आणि त्यात त्याला जागा नसते. तेव्हा त्याच सिनेमातल्या खुन्याचा मुखवटा घालून तो नव्या नटसंचातल्या लोकांना मारत सुटतो. आपली भूमिका दुसऱ्याला दिली म्हणून खून करणारा माणूस. आणि 1961 मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकानं, डीसीनं, त्याचं क्लेफेस हे नाव काय केलं? मॅट हेगन नावाच्या दुसऱ्याला दिलं. मग 1978 मध्ये तिसऱ्याला, 1987 मध्ये चौथीला. 1989 च्या एका कथेत म्हातारा कार्लो या सगळ्यांना एकत्र आणतो आणि त्यांच्या शक्ती स्वतःत ओतून घेतो. "धंद्यानं त्याचं नाव वाटून टाकलं आणि लेखकांनी त्याच वाटणीची कथा केली. असं दुसरीकडे कुठे घडतं?"

मामांनी हे मान्य केलं, पण अर्धंच. "कार्लोचं ठीक आहे. त्याची फिर्याद खरी आहे. पण बघ, तोही म्हणतो की क्लेफेस मी. एकटा मी. म्हणजे तो माझ्या बाजूचा झाला."

यावर मी मामांना हॉबगॉब्लिनचे अंक दिले. मला वाटलं होतं, इथे माझी बाजू जड होईल.

मार्च 1983, अंक 238. रॉजर स्टर्नची कथा, चित्रं जॉन रोमिटा धाकट्याची, म्हणजे 39वा अंक काढणाऱ्याच्या मुलाची. या अंकात अंगावर उठवायच्या चित्रांचा एक कागद फुकट दिला होता. मुलांनी तो तेव्हाच फाडून हातांवर उमटवला, त्यामुळे आज कागद शाबूत असलेल्या प्रतीला वेगळी किंमत येते. माझ्या प्रतीत तो नाही. कथा अशी: स्पायडर-मॅनपासून पळणारा एक भुरटा चोर गटारातून वाट काढत एका बंद खोलीत शिरतो. ऑस्बॉर्नचा जुना अड्डा. पोशाख, बाँब, ग्लायडर, टिपणवह्या, सगळं जागच्या जागी, धूळ खात. चोर आपल्या ओळखीच्या एका मोठ्या माणसाला ते दाखवतो. मोठा माणूस चोराला मारतो, सामान ताब्यात घेतो, हिरव्या-जांभळ्याच्या जागी नारिंगी-निळा रंग देतो आणि हॉबगॉब्लिन होतो. हा मोठा माणूस कोण, हे स्टर्ननं सांगितलं नाही. त्याच्या मनात होता रॉडरिक किंग्जली, फॅशनच्या धंद्यातला धनाढ्य. स्टर्न 1984 मध्ये मालिका सोडून गेला. पुढच्या लेखक-संपादकांची वेगवेगळी मतं पडली आणि जून 1987 च्या 289व्या अंकात जाहीर झालं की हॉबगॉब्लिन म्हणजे 'डेली ब्यूगल'चा बातमीदार नेड लीड्स. तोही काही महिन्यांपूर्वी बर्लिनमध्ये मारला गेलेला. नाव लगेच जेसन मॅसेन्डेल या भाडोत्री सैनिकाकडे गेलं. यात एक अडचण होती. ज्याच्या अंगात गॉब्लिनची ताकद, त्याला चार साधे मारेकरी बांधून कसे मारतील? स्टर्नला ते कधीच पटलं नव्हतं. 1997 मध्ये 'हॉबगॉब्लिन लिव्ज' या तीन अंकांत त्यानं स्वतः येऊन खुलासा केला: नेडच्या मनाचा ताबा घेऊन किंग्जली त्याला आपल्या जागी पुढे करत होता.

मी थांबले तेव्हा मामा उठून उभे राहिले होते.

"चार वर्षं तपास, आणि तपास अधिकारी बदलला की आरोपी बदलला. हेच माझं म्हणणं! दहा वर्षं एका मेलेल्या बातमीदाराच्या नावावर दुसऱ्याचे खून. तू म्हणतेस की मुखवटा फिरतो, म्हणजे दुष्टपणाचा वारसा फिरतो. इथे वारसा कुठला? इथे एक श्रीमंत माणूस आहे आणि त्याच्या जागी मरायला ठेवलेली माणसं आहेत. नेडच्या आधीसुद्धा एक होता ना?"

होता. लेफ्टी डोनोव्हन, 1983 मध्येच. ऑस्बॉर्नचं रसायन माणसाचं डोकं फिरवतं, म्हणून किंग्जलीनं ते आधी या किरकोळ गुंडावर वापरून पाहिलं, त्याला पोशाख घालून स्पायडर-मॅनच्या अंगावर पाठवलं आणि काम झाल्यावर मारलं. पुढच्या काळातल्या कथांत तर हा किंग्जली जुन्या खलनायकांची नावं आणि सामान भाड्यानं देतो, हप्ता घेतो.

"बघ," मामा म्हणाले. "सगळ्यांचं म्हणून जे नाव असतं, त्याचा फायदा नेहमी वरच्याला. खालच्याचं नाव वर्तमानपत्रात येतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते खोटं आहे असंही मला वाटत नव्हतं. पण ही साखळीची एक बाजू झाली. हॅरीच्या घरात वारसा आणि किंग्जलीच्या हातात ढाल, एकाच सामानाचे हे दोन उपयोग आहेत, असं मी म्हटलं. मग मामांनी तो प्रश्न विचारला.

"सामान, सामान म्हणतेस. मुद्देमाल जप्त का झाला नाही?"

कोर्टाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगते: गुन्ह्यात वापरलेली वस्तू पोलीस पंचनामा करून ताब्यात घेतात, ती मोहोरबंद होते, खटल्यात पुरावा म्हणून दाखवली जाते आणि निकालाबरोबर न्यायाधीश तिची विल्हेवाट लावायचा हुकूम देतात. चाकू असो की ट्रक. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती वस्तू कोणाच्या हाती जाऊ शकत नाही. मामांच्या लेखी गॉब्लिनचा पोशाख म्हणजे मुद्देमाल. "1966 मध्ये आरोपी हातात आला होता ना? मग 1983 मध्ये त्याची खोली बंद, सामान जागच्या जागी, हे कसं? इतकी वर्षं पोलिसांना पत्ता नाही?"

मी 40वा अंक काढून दिला. सप्टेंबर 1966. झटापटीत विजेच्या तारा आणि रसायनांचा झटका बसून ऑस्बॉर्नची स्मृती जाते. आपण गॉब्लिन होतो हेच त्याला आठवत नाही. समोर पडला आहे तो मित्राचा गोंधळलेला बाप. पीटर त्याच्या अंगावरचा पोशाख आगीत जाऊ देतो आणि लोकांना सांगतो की गॉब्लिनला हरवायला ऑस्बॉर्ननंच आपल्याला मदत केली.

मामांनी चष्मा काढला. "पुरावा नष्ट करणं. आमच्या वेळचं कलम 201. आणि वर खोटी माहिती."

"त्याला काही आठवत नव्हतं, मामा! आणि हॅरी..."

"आठवलं नाही पुन्हा कधी?"

आठवलं. 1968 मध्ये आठवलं आणि पुन्हा गेलं. 1971 मध्ये आठवलं. तेव्हा पीटरनं त्याला इस्पितळात पडलेला हॅरी दाखवला आणि त्या धक्क्यानं पुन्हा गेलं. दोन्ही वेळा पीटर गप्प राहिला. तिसऱ्यांदा, 1973 मध्ये, आठवलं तेव्हा ग्वेन पुलावर होती. त्यानंतरही, बाप मेल्यावरही, हॅरीला खुनी बापाचा मुलगा म्हणून जगायला लागू नये म्हणून पीटर गप्प. ऑस्बॉर्नच्या हातात गॉब्लिन म्हणून जगासमोर बेड्या पडल्या त्या 2004 मध्ये, मधल्या काळात तो जिवंत होऊन परतल्यावर आणि काही बातमीदारांनी पाठपुरावा केल्यावर.

ही सगळी पानं मला पाठ होती. पण 40व्या अंकातली ती आग मी कायम पीटरच्या चांगुलपणाची खूण म्हणून वाचली होती. मामांनी तारखा एकाखाली एक लिहून कागद माझ्यासमोर सरकवला. 1966 ला खटला उभा राहिला असता तर अड्ड्यांचा शोध झाला असता. अड्डे सापडले असते तर हॅरीच्या हाती पोशाख लागला नसता, हॅमिल्टनला चोरायला गुपित उरलं नसतं आणि 1983 मध्ये गटारातून पळणाऱ्या चोराला रिकामी खोली दिसली असती. या सगळ्यांना जोडणारा धागा पीटरच्या मौनाचा आहे. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला ठाण्याचा वकील यावा लागला.

"आता तू म्हणतेस ते मला थोडं पटतं," मामा म्हणाले. "गुन्हा मागे राहतो, हे खरं. पण तो आपोआप राहत नाही. कोणीतरी दयेपोटी तो झाकतो, म्हणून राहतो."

मी मात्र तिथे थांबायला तयार नव्हते. मुद्देमाल जप्त झाल्यानं ऑस्बॉर्नचं घर सुधारलं असतं, असं मला वाटत नाही. मी 'स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन'चा 200वा अंक पुढे केला. मे 1993, लेखक जे. एम. डिमॅटिस, चित्रकार साल ब्युसेमा. हॅरीनं आता बापाचं रसायन स्वतःच्या अंगात घेतलं आहे. पीटरला आणि स्वतःला एकदमच उडवून द्यायची त्याची तयारी आहे. मग त्याला कळतं की त्याच इमारतीत पीटरची बायको मेरी जेन आणि आपला छोटा मुलगा नॉर्मी आहेत. तो त्या दोघांना बाहेर काढतो. मग पीटरसाठी परत आत जातो, त्यालाही बाहेर आणतो. रसायनानं शरीर पोखरलेलं असतं. रुग्णवाहिकेत, पीटरच्या सोबतीत, तो मरतो. शेवटची पानं जवळजवळ निःशब्द आहेत. ब्युसेमानं नुसते चेहरे काढले आहेत.

"इथे कुठला मुद्देमाल होता?" मी विचारलं. "रसायन रक्तात. मुलाचं नाव आजोबाचं. जप्त काय करणार? आणि तरी तो परत जातो. वारसा इतका जड आहे हे आपण वीस वर्षं वाचलं नसतं, तर त्या परत जाण्याला काही किंमत राहिली असती का? हॅरी एकटाच, स्वतंत्र, कोणाचाही कोणी नसलेला गुन्हेगार असता, तर ही पानं कोरडी झाली असती."

मामांनी तो अंक सावकाश, शेवटपर्यंत वाचला. "या घटकेला तो गॉब्लिन नाही," ते म्हणाले. "हॅरी आहे. तुला त्याची किंमत वाटते ती त्याच्या बापामुळे नाही. बापाचं सगळं अंगात असून त्यानं वेगळं ठरवलं म्हणून वाटते. मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?"

"आणि मी म्हटलं होतं की तो पोशाख त्याच्याच खोलीत होता."

दोघंही आपापल्या जागी होतो. फिल युरिकचा विषय निघाला तो असाच. 1995 मध्ये या तरुणाला गॉब्लिनचा एक अड्डा सापडतो आणि तो त्या पोशाखात चक्क चांगली कामं करतो. ती मालिका 13 अंक चालली. मामा खूश झाले: झगा माणसाला बिघडवत नाही, हा घ्या पुरावा. मग मी सांगितलं की पंधरा वर्षांनी त्याच फिलच्या हाती हॉबगॉब्लिनचं सामान लागतं आणि या वेळी तो खुनी होतो. त्यावर दोघांनीही आपापल्या बाजूनं त्याला साक्षीदार करून घेतलं.

खरा तिढा पडला तो शेवटी, पीटरवरून. 1966 मध्ये त्यानं काय करायला हवं होतं?

"हॅरी कॉलेजात होता," मी म्हटलं. "पुढे दोघं एका घरात राहिले. 'डेली ब्यूगल'च्या जेमसननं पहिल्या पानावर काय छापलं असतं, विचार करा. त्या मुलाचं आयुष्य तिथेच संपलं असतं. बापाला काही आठवत नाही, धोका टळला आहे असं वाटतं आहे. मीसुद्धा तो पोशाख आगीतच टाकला असता, मामा. आजही टाकीन."

"आणि जो डाग तू हॅरीला लागू दिला नाहीस, तो कोणाला लागला? नेडची बायको कोण होती?"

बेटी ब्रँट. पीटरची सगळ्यात पहिली मैत्रीण, ब्यूगलच्या कचेरीत काम करणारी. मॅसेन्डेलच्या खटल्याच्या वेळी तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव हॉबगॉब्लिन म्हणून घेतलं जातं. तिनं गॉब्लिनचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. ऑस्बॉर्नच्या घराशी तिचा संबंध नव्हता.

"पीटरनं एका मुलाला लाज वाटू नये म्हणून जे झाकलं," मामा म्हणाले, "ते फिरून फिरून या बाईच्या दारात आलं. तुला पोशाख जाळायचा आहे ना? मग बेटीकडे जा आणि तिला हे तूच समजावून सांग."

"तिला कोणी समजावून सांगायला जावं लागलं नाही, मामा," मी म्हटलं. "ती तोवर स्वतः बातमीदार झाली होती. नेडचं नाव धुऊन काढायला तीच उभी राहिली, आणि किंग्जली तुरुंगात गेला."